फर्मान : शब्द कुठला, हुकूम कुणाचा?

गिरणीच्या गेटावर नोटीस चिकटली की आमच्या खात्यात एकच बोललं जायचं, "आलं फर्मान!" ज्याला वाचता येत नसे तो शेजारच्याकडून वाचून घ्यायचा. शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी होता. हा शब्द आला कुठून, याचा आम्ही सवडीने शोध घेतला. तो इथे मांडतो.

फर्मान हा शब्द मुसलमानी अमलातला, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे तो त्या अमलात आला हे खरं, पण शब्द इस्लामच्या हजारभर वर्षं आधीचा आहे. इ.स.पू. ५२२ ते ४८६ या काळात इराणवर दारयवहु (डरायस) राजा राज्य करीत होता. त्याच्या शिलालेखांत 'फ्रमाना' म्हणजे आज्ञा, आणि 'फ्रमातर' म्हणजे आज्ञा देणारा. यातला 'फ्र' म्हणजे आपला 'प्र' आणि 'मा' म्हणजे मोजणे. संस्कृतातलं 'प्रमाण' आणि पालीतलं 'पमाण' ही याचीच सख्खी भावंडं. म्हणजे 'फर्मानाप्रमाणे' असं म्हणताना आपण एकाच मुळाचे दोन शब्द जोडून बोलतो!

त्याच इराणी कारभाराची आणखी एक खूण सम्राट अशोकाच्या लेखांत सापडते. इतर ठिकाणी तो आपल्या लेखाला 'धम्मलिपि' म्हणतो. पण वायव्येला शाहबाजगढी व मानसेहरा इथे (हे भाग आज पाकिस्तानात आहेत) 'लिपि'च्या जागी 'दिपि' कोरलेलं आहे. 'दिपि' हा जुना इराणी शब्द. शाहबाजगढीला 'लिहिलेले' यासाठी आलेला 'निपिस्त' हाही इराणीच. चिटणवीस, फडणवीस यांतला 'नवीस' त्याच कुळातला. मात्र अशोकाने शब्द घेतला तरी रीत आपली ठेवली. ओरिसातल्या धौलीच्या लेखात तो न्यायनिवाडा करणाऱ्या महामात्रांना बजावतो, की कुणाला विनाकारण कैद वा छळ होता कामा नये. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावा, आणि मधल्या काळात एकटाच माणूस असला तरी त्यालाही ऐकवावा, असंही त्यात आहे. बावीसशे वर्षांपूर्वी हा विचार झाला, हे आम्हाला फार मोठं वाटतं. आपल्या नालासोपाऱ्यालाही १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला.

मोगलांकडे कागदाला दर्जा असे. फर्मान फक्त बादशहाचं. शहजाद्याच्या पत्राला 'निशाण' म्हणत, आणि अधिकाऱ्याचा तो 'परवाना'. १७६५ साली शहा आलम बादशहाने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी इंग्रज कंपनीला दिली ती फर्मानानेच. एका कागदाने करोडो रयतेचा सारा परक्या व्यापाऱ्याच्या हातात गेला. रयतेला विचारलं कुणी?

फर्मान स्वीकारायलाही थाट लागे. गावाबाहेर तंबू ठोकून पुढं जायचं, कागद मस्तकी लावायचा. १७९२ साली महादजी शिंद्यांनी दिल्लीहून वकील-इ-मुतलकीचं फर्मान पुण्याला आणलं, तेव्हा सवाई माधवरावांसाठी फर्मानबाडी उभारली होती. बादशहाची म्हणून रिकामी मसनद मांडून तिला मुजरे झाले. त्या बादशहाचे डोळे तर चार वर्षांपूर्वीच, १७८८ साली, गुलाम कादिराने काढले होते. सत्ता गेली, कागदाचा मान राहिला.

फर्मानाचा धाकटा भाऊ म्हणजे सनद. तिच्याशी आपल्या आजे-पणज्यांचा संबंध आला. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्कांची सनद दिली, ही कथा आम्ही लहानपणी म्हाताऱ्यांकडून ऐकली. सांगताना त्यांची छाती फुगायची. पण ते हक्क कसले? मेलेल्या गुरांवरचा हक्क, बलुत्याचा हक्क... आणि त्यापायी रात्रंदिवस वेठ! सरकारी टपाल पोचवायचं, सांगावे न्यायचे, आणि घरचा कर्ता आजारी पडला तर बापानं नाहीतर पोरानं जायचं. हक्क म्हणून ज्याचा अभिमान धरला तोच गळ्यातला दोर होता, हे बाबासाहेबांनी ओळखलं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. वतन सोडायला आपल्यातलेच काही तयार नव्हते, जमिनीचा तुकडा जाईल ही भीती होती. ती भीतीही खोटी म्हणता येत नाही. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली. जमिनी कब्जेदारांना रकमा भरून परत मिळवाव्या लागल्या, आणि त्यासाठी कितीतरी घरांनी तहसील कचेरीचे उंबरठे झिजवले.