ग्रंथालयांचा आहेर

ग्रंथालयांचा इतिहास म्हणजे बहुधा संग्रहाचा इतिहास सांगितला जातो. कोणत्या राजाने किती पोथ्या जमविल्या, कोणत्या संस्थेने किती ग्रंथांची भर घातली, याचे कौतुक आपण करतो व ते योग्यच आहे. परंतु ग्रंथालयांचा दुसराही एक इतिहास आहे. तो आहे आपसांत वाटून घेण्याचा. आज आपण त्याचा थोडा मागोवा घेऊ.

एकच ग्रंथ पन्नास ग्रंथालयांत आला, तर त्याची सूचिनोंद पन्नास ठिकाणी पन्नासदा का लिहावी? अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ५४ महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९६७ साली एक सामाईक केंद्र काढले व फ्रेडरिक किलगोर यांच्याकडे त्याची सूत्रे दिली. २६ ऑगस्ट १९७१ रोजी त्या राज्यातील अथेन्स गावच्या विद्यापीठ-ग्रंथालयात तारेने जोडलेल्या संगणकावर सूचिलेखन सुरू झाले. एकाने नोंद करावी, सर्वांनी वापरावी, ही रीत तेथे रूढ झाली.

मात्र ही सोय मोठ्यांनी उभारलेली होती. लहान गावच्या ग्रंथालयाने काय करावे? याचे उत्तर न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या जिल्ह्याने दिले. लेविन व आसपासच्या लहान गावांतील वाचनालये चालविणाऱ्या तेथील न्यासापुढे १९९९ साली पेच उभा राहिला. देवघेवीची जुनी संगणक-प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडण्याचे भय होते, आणि बाजारातील नवी प्रणाली न्यासाच्या ऐपतीबाहेरची होती. तेव्हा न्यासाने वेलिंग्टनच्या एका लहानशा कंपनीस हाताशी धरून स्वतःचीच प्रणाली लिहून घेतली. शाखांशी साध्या टेलनेट-जोडणीनेच काम चालावे, ही त्यातली कल्पकता होती. ३ जानेवारी २००० रोजी ती प्रणाली सुरू झाली.

येथवर ही एका काटकसरी संस्थेची गोष्ट आहे. इतिहास घडला तो पुढच्या पावलाने. न्यासाने ती आज्ञावली कुलूपबंद न ठेवता त्याच वर्षी सर्वांसाठी खुली केली. कोणीही घ्यावी, बदलावी, सुधारावी. सुधारलेली दुसऱ्यास देताना मात्र तीही तशीच खुली ठेवावी. तिचे नाव ठेवले 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे पाहुण्याने यजमानाकडे नेलेली भेट. आपल्याकडील आहेराप्रमाणेच तीत परतफेडीची अट नसते, पण जाणीव असते. ही जाणीव लवकरच फळास आली. ओहायोतील नेल्सनव्हिल या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने सूचिलेखनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची जोड कोहाला मिळावी म्हणून स्वतःचा पैसा घातला, आणि ती जोड साऱ्या जगाला मिळाली. हे गाव किलगोरांच्या केंद्राचा पहिला प्रयोग झाला त्याच अथेन्स परगण्यातले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढे वाचकासही या व्यवहारात हात मिळाला. २००७ साली मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बरच्या ग्रंथालयाने अशी सूची उभी केली की, वाचकाने तीत ग्रंथाविषयी अभिप्राय लिहावा, गुण द्यावेत, स्वतःच्या शब्दांत विषय नोंदवावा. तिची आज्ञावलीही इतरांसाठी खुली ठेवली गेली. त्याआधी, २००६ साली, शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या सेवकवर्गास ही नवी साधने हाताळता यावीत म्हणून तेवीस लहान पाठांचा अभ्यासक्रम आखला. तोही इतरांस मोकळा होता, म्हणून देशोदेशींच्या ग्रंथालयांनी तो उचलला.

परंतु आहेर दिला म्हणजे तो सुरक्षित राहतो असे नव्हे. 'कोहा' या नावावरच न्यूझीलंडमध्ये एका अमेरिकन कंपनीने व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगितला, आणि २०११ साली तो मान्य होऊ घातल्याचे उघड झाले. ज्यांनी वस्तू फुकट दिली, त्यांच्यावर तिचे नाव गमावण्याची पाळी आली. न्यासाने हरकत घेतली, जगभरच्या लोकांनी खर्चास मदत पाठविली, आणि २०१३ साली तेथील बौद्धिक संपदा कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. सामाईक संपत्ती निर्माण करावयास औदार्य लागते, आणि राखावयास जागरूकता, हा या प्रकरणाचा धडा होय.

१९६७ हेच वर्ष महाराष्ट्राच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याचेही आहे. आज आपल्याकडे हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. त्यांतील कित्येक 'ड' वर्गाची, एका कपाटाच्या व एका माणसाच्या बळावर उभी आहेत. कोहा आपल्या देशातील अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत वापरात आहे, तेव्हा ती काही दूरची वस्तू राहिलेली नाही. लेविनचे ग्रंथालयही लहानच होते. त्याने ऐपतीचा प्रश्न एकट्याने सोडविला आणि उत्तर मात्र सर्वांना दिले. आपल्या तालुक्यातील दहा वाचनालये एकत्र बसली, तर एक सामाईक सूची, एक शिकलेला कार्यकर्ता आणि वाचकांच्या अभिप्रायांची एक वही त्यांना खचित परवडेल. कोणते पुस्तक कोणत्या गावी आहे एवढे जरी वाचकास घरबसल्या कळले, तरी एका कपाटाची दहा कपाटे होतील.