एका पथ्याचा इतिहास

आजारांचे इतिहास बहुधा डॉक्टरांच्या नावांनी लिहिले जातात. कोणी लक्षण नोंदवले, कोणी कारण शोधले, कोणी औषध काढले, असा तो क्रम असतो. सिलिॲक या आजाराचा इतिहासही सर्वसाधारणपणे असाच सांगितला जातो. परंतु या आजारावर औषध नाही. पथ्य हाच त्याचा एकमेव उपचार, आणि पथ्य पाळले जाते ते दवाखान्यात नव्हे, स्वयंपाकघरात. म्हणून हा इतिहास स्वयंपाकघराच्या बाजूनेही वाचून पाहावा, असे आम्हांस वाटते. आमच्या घरात सिलिॲक असलेले आणि वर शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले एक मूल आहे. या वाचनामागे ते कारण आहे हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम शब्दांविषयी. आपल्याकडे या आजाराला सर्रास ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी चुकीचा आहे. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ग्रीक धातूंपासून घडवला. ‘वेगळी प्रतिक्रिया’ असा त्याचा साधारण आशय. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पोटात एखादा दाणा गेला तर काही मिनिटांत ओठ सुजतात, श्वास अडतो, प्रसंगी जीव जातो. सिलिॲकमध्ये असे काही दिसत नाही. तेथे गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्याचे सूक्ष्म अंकुर झिजतात आणि मूल जेवूनही उपाशी राहते. एक संकट क्षणात येते, दुसरे वर्षानुवर्षे मुरते. दोन्हींसाठी एकच शब्द वापरल्याने शेजारीपाजारी आणि नातेवाईक एकाचे भय अथवा एकाची ढिलाई दुसऱ्याला लावतात. ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य त्यातूनच जन्मते.

सिलिॲक हे नाव फार जुने आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील कॅपाडोशियाचा वैद्य अरेटेयस याने पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून अशा रुग्णांना नाव दिले. फ्रान्सिस ॲडम्स यांनी केलेले त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८५६ साली प्रसिद्ध झाले, आणि लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी हेच नाव उचलले. जी यांनी १८८७ साली मुलांच्या रुग्णालयात दिलेले व्याख्यान १८८८ साली छापले गेले. आजही ते वाचताना त्यातील नेमकेपणाचे आश्चर्य वाटते. रुग्ण बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी निःसंदिग्धपणे म्हटले. परंतु कोणता आहार? तांदूळ, साबुदाणा, मक्याचे पीठ वर्ज्य; पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव मात्र चालेल! म्हणजे जे निर्धोक ते निषिद्ध आणि जे विष ते पथ्य. त्याच व्याख्यानात एका मुलाची हकीकत आहे. त्याला रोज सुमारे लिटरभर मापाचे उत्तम डच शिंपले खाऊ घातले जात, आणि त्यावर ते मूल विलक्षण सुधारले. शिंपल्यांचा हंगाम संपताच आजार उलटला. पुढच्या हंगामात मात्र त्या मुलाला शिंपले तोंडात घेववेनात.

या चारदोन ओळींपाशी आम्ही फार वेळ रेंगाळलो. वैद्यकाच्या दृष्टीने तो एक फसलेला प्रयोग. पण रोज एकच पदार्थ पुढे करणारे कोणी तरी त्या घरात असले पाहिजे, आणि एके दिवशी मुलाने तोंड फिरवले तेव्हा हातातली थाळी घेऊन तेथेच उभे राहिले असले पाहिजे. त्या माणसाविषयी व्याख्यानात एक अक्षरही नाही.

यानंतरचा टप्पा केळ्याचा. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ साली दहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. केळ्यांवर ठेवलेली आठ मुले सुधारली, ज्यांना तो आहार मिळाला नाही ती दोघे दगावली. हास यांच्या डोळ्यांसमोर पोर्टो रिकोचे उदाहरण होते. तेथील शहरी लोक पाव खात आणि त्यांना आतड्याचा स्प्रू हा विकार होई. केळ्यांवर जगणाऱ्या शेतकऱ्यांना तो होत नसे. निरीक्षण अचूक होते. त्याचा अर्थ मात्र उलटा लावला गेला. पाव अपायकारक आहे असे न वाचता, केळ्यात गुण आहे असे ते वाचले गेले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रमाद अपरिचित नसावा. संहितेत जे आहे त्यावर आपण भाष्य करतो, जे गैरहजर आहे ते निसटते. तरीही या चुकीच्या वाचनाने असंख्य मुले जगली, कारण केळी खाणाऱ्या मुलाच्या ताटात पावाला जागाच उरत नव्हती. हास १९६४ साली वारले. तोवर ग्लूटेन दोषी असल्याचे सिद्ध होऊन दशक उलटले होते, पण त्यांनी आपले मत सोडले नाही. इकडे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४० पासून केळ्यांची आयात थांबली, तेव्हा या पथ्यावर विसंबलेल्या घरांचे काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

आता हॉलंडकडे वळू. या आजाराच्या इतिहासातील सर्वांत लोकप्रिय कथा तेथील आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची नाकेबंदी केली. सुमारे वीस हजार माणसे भुकेने मेली, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. पाव दुर्मीळ झाला तसतशी सिलिॲकची मुले सुधारू लागली; पुढे दोस्तांच्या विमानांनी आकाशातून स्वीडिश पाव टाकला आणि मुले पुन्हा आजारी पडली. हे पाहून हेगच्या डॉ. विलेम-कारेल डिके यांना साक्षात्कार झाला, अशी ही कथा.

कथा सुंदर आहे, म्हणूनच तपासून घ्यायला हवी. स्वीडनचे पीठ आले ते जहाजांतून, जानेवारी १९४५ च्या अखेरीस, आणि त्याचा पाव डच भट्ट्यांतच भाजला गेला. विमानांतून अन्न टाकले गेले ते एप्रिलच्या शेवटी व मेच्या आरंभी. लोकस्मृतीने दोन्ही घटना एकत्र केल्या. त्याहून महत्त्वाचे असे की डिके यांनी गहू वगळून पाहण्यास १९३०च्या दशकाच्या मध्यालाच आरंभ केला होता, आणि त्याविषयीचा त्यांचा डच लेख १९४१ सालचा, म्हणजे दुष्काळापूर्वीचा आहे. भुकेच्या हिवाळ्याने त्यांच्या तर्काला बळ दिले, तर्क दिला नाही.

मग तर्क आला कोठून? डिके यांच्या पत्नीने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, एका तरुण आईने त्यांना सांगितले होते की पाव बंद केला की आपल्या सिलिॲक मुलाच्या अंगावरचा पुरळ झपाट्याने कमी होतो. एवढेच. त्या आईचे नाव इतिहासात नाही. आठवण अनेक वर्षांनी सांगितलेली, तेव्हा तिच्यावर मोठा इमला रचू नये हेही खरे. पण ती विश्वसनीय वाटते, कारण असे निरीक्षण तेथेच होऊ शकते जेथे कोणी रोज, दर जेवणाला, त्याच एका मुलाकडे पाहत असते. डिके यांचे मोठेपण आम्हांस यात दिसते की त्यांनी ते ऐकून घेतले.

ऐकणे आणि सिद्ध करणे यांत मात्र पंधरा वर्षे गेली. डिके यांचा प्रबंध १९५० सालचा. जीवरसायनतज्ज्ञ फान दे कामर आणि बालरोगतज्ज्ञ वेयर्स यांच्यासह त्यांनी मुलांच्या विष्ठेतील स्निग्धांश मोजून गव्हाचा परिणाम आकड्यांत मांडला. १९५२ साली बर्मिंगहॅममध्ये शार्लोट अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाचे पीठ धुऊन स्टार्च आणि ग्लूटेन वेगळे केले. स्टार्चने अपाय होत नाही, ग्लूटेनने होतो, हे निश्चित झाले. मराठी वाचकाला ही कृती नवी वाटू नये. उन्हाळ्यात कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक गाळून घेताना आणि चिवट चोथा बाजूला टाकताना आपल्या आज्या-पणज्या याच जातीचे पृथक्करण करीत आल्या. (घरी काढलेला चीक सिलिॲकच्या रुग्णासाठी सुरक्षित नसतो, हे येथेच सांगून ठेवतो.) लंडनमध्ये मार्गो शायनर यांनी १९५६ साली तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढण्याची रीत वापरात आणली, आणि झिजलेले अंकुर सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले.

येथून पुराव्याचे युग सुरू होते, आणि त्याची किंमत मुलांनी व आईबापांनी मोजली. १९६९ साली स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे युरोपीय तज्ज्ञांनी निदानाचे निकष ठरवले. पहिली तपासणी आजारपणात, दुसरी पथ्याने बरे झाल्यावर, आणि मग पुन्हा गहू खाऊ घालून तिसरी. शास्त्राच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. पण जे मूल महत्प्रयासाने सावरले, त्याच्या पुढ्यात जाणूनबुजून पाव ठेवायचा, आणि तोही आईने, हे कसले दिव्य असेल! १९९० साली हा दंडक बराच सैल झाला. २०१२ नंतर, रक्तातील प्रतिपिंडे पुरेशी जास्त असलेल्या काही मुलांत आतड्याचा तुकडा काढण्याचीही गरज उरली नाही.

शेंगदाण्याच्या बाबतीत आज्ञापालनाची गोष्ट आणखी विचित्र आहे. १९९८ साली ब्रिटनमध्ये आणि २००० साली अमेरिकेत तज्ज्ञांनी सांगितले की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. आईबापांनी ते मनोभावे पाळले. पुढे २००८-०९ च्या सुमारास हा सल्ला मागे घेण्यात आला. २०१५ साली लंडनमध्ये झालेल्या, ६४० बालकांवरील अभ्यासाचे निष्कर्ष आले, ते नेमके उलटे. धोका असलेल्या ज्या बालकांना वर्षाच्या आतच, तपासणी करून, शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले गेले, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही ॲलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास कमी आढळली. (ज्या मुलाला ॲलर्जी जडलीच आहे, त्याच्यावर घरी असा प्रयोग करणे जिवावर बेतेल.) ज्यांनी शब्दन् शब्द पाळला त्या आयांनी आता काय समजावे? चूक त्यांची नव्हती, आणि तरी रात्री जाग आली की हिशोब त्यांच्याच खात्यावर मांडला जातो.

आपल्याकडे हा आजार दीर्घकाळ पाश्चात्त्यांचा समजला गेला. उत्तर भारतातील मुलांत तो असल्याचे १९६०च्या दशकातच नोंदले गेले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत त्याचे प्रमाण साधारण शंभरात एक आढळले. दक्षिणेत आनुवंशिक अनुकूलता असूनही तो फार थोडा दिसतो, कारण तेथे ताटात गहू थोडा. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ ही आपली जुनी धान्ये सर्वस्वी निर्धोक. ज्या भाकरीला शहरी मध्यमवर्गाने ‘गरिबाचे अन्न’ म्हणून पोळीच्या खालच्या पायरीवर बसवले, तीच या मुलांची तारणहार ठरावी यात काव्यगत न्याय आहे.

पण भाकरीही सहज मिळत नाही. गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली की पीठ बाधते. डबीतला बांधानी हिंग बहुधा मैद्यात घोळलेला असतो, म्हणजे साध्या वरणाच्या फोडणीतही गहू शिरतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा. त्यातले केळे हास यांच्या पसंतीचे, रवा मात्र डिके यांनी वर्ज्य केलेला. प्रसाद नाकारू नये या संस्काराशी आईला दर वेळी झगडावे लागते. उपासाचा फराळ, म्हणजे साबुदाणा, वरी, राजगिरा, सिलिॲकच्या मुलाला मेजवानीच. पण शेंगदाण्याचे कूट त्यात नाही असा उपासाचा पदार्थ शोधावा लागतो, आणि आमच्या घरात एकादशी हा सर्वांत सावध दिवस असतो. गोव्यातील कॅथलिक घरांत हाच पेच वेदीपाशी येतो. २००३ सालच्या व्हॅटिकनच्या पत्रानुसार अत्यल्प ग्लूटेनचे ओस्ती ग्राह्य आहे, ग्लूटेन अजिबात नसलेले मात्र अग्राह्य. गव्हाशिवाय संस्कार पुरा होत नाही, असे तेथील शास्त्र सांगते.

धर्म, उपास, पाहुणचार, शाळेतील डबा, वाढदिवसाचा केक. अन्न वाटून खाण्यातूनच माणूस समाजात शिरतो, आणि या मुलाला पहिला धडा शिकवावा लागतो तो ‘नको’ म्हणण्याचा. पाच वर्षांचे मूल शेजारणीच्या हातातल्या करंजीकडे पाहून, आधी आमच्याकडे पाहते आणि मग नम्रपणे मान हलवते, तेव्हा शिंपल्यांवरून तोंड फिरवणारे ते लंडनचे मूल आम्हांस आठवते. त्याने नकार दिला तो उबगून, आमचे मूल देते ते समजून. नकार देण्यास शिकवणारे आम्हीच. ते योग्य आहे हे ठाऊक असूनही त्याचा अभिमान वाटत नाही.

जी, हास आणि डिके यांची नावे ग्रंथांत राहतील, आणि ती राहावीत. आमचे म्हणणे इतकेच की त्या नावांच्या शेजारी एक रिकामी जागा आहे, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात असावे. ‘पाव बंद केला की बरे वाटते’ असे सांगणारी ती डच आई बहुधा घाबरत घाबरतच बोलली असेल. आजही एखादी आई दवाखान्यात असे काही सांगू लागते. ते शेवटपर्यंत ऐकून घेतले जाते की नाही, यावर पुढच्या एखाद्या पथ्याचा इतिहास अवलंबून असेल.