शाही हमाम (बऱ्हाणपूर)

शाही हमाम हे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर शहरात, तापी नदीकाठच्या शाही किल्ल्यात असलेले मुघलकालीन स्नानगृह आहे. जुन्या खानदेशाच्या या राजधानीतील राजवाड्याचा बराचसा भाग ढासळला असला, तरी हमामाचे घुमटाकार छत आणि त्यावरील रंगीत नक्षी काही प्रमाणात टिकून आहे. शहाजहानची पत्नी मुमताज महल हिच्यासाठी ते बांधले गेले, असे परंपरेने मानले जाते.

नाव

‘हमाम’ हा शब्द उष्णता या अर्थाच्या अरबी धातूपासून आला असून फारसीमार्गे तो मराठीत रूढ झाला. मराठीत ‘हमामखाना’ असेही रूप आढळते. मुघल राजवाड्यात स्नानगृहाला लागून असलेल्या दालनात बादशहा निवडक सरदारांशी खासगी मसलत करीत असे. त्यामुळे खास दरबारालाच ‘गुसलखाना’ म्हणजे स्नानगृह हे नाव पडले.

इतिहास

बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. किल्ल्याच्या उभारणीचे श्रेय दुसरा आदिलखान फारुकी (कारकीर्द १४५७–१५०१) याला दिले जाते. १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकल्यावर खानदेश मुघल साम्राज्यात आला आणि बऱ्हाणपूर हे दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे बनले.

खानजहान लोदी आणि निजामशाही यांच्याविरुद्धच्या मोहिमेसाठी शहाजहान १६३० मध्ये येथे आला आणि १६३२ पर्यंत त्याचा मुक्काम येथेच होता. याच काळात खानदेश, गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. बादशहाने बऱ्हाणपुरात अन्नछत्रे उघडल्याची नोंद दरबारी इतिहासात आहे. सुरतेहून आग्र्याकडे जाताना बऱ्हाणपूरमार्गे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरील भूकबळींचे वर्णन केले आहे. हमामाच्या वैभवाचा विचार करताना ही पार्श्वभूमी सहसा दुर्लक्षित राहते.

जून १६३१ मध्ये चौदाव्या अपत्याच्या, गौहर आरा हिच्या, जन्मावेळी मुमताज महलचा बऱ्हाणपुरात मृत्यू झाला. तिचे दफन प्रथम तापीपलीकडील जैनाबाद येथील आहुखाना या बागेत झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचे पार्थिव आग्र्याला नेण्यात आले.

रचना

हमाम म्हणजे केवळ पाण्याचा हौद नव्हे. या प्रकारच्या इमारतीत सामान्यतः कपडे बदलण्याची थंड खोली, कोमट खोली आणि उष्ण खोली असा क्रम असतो. भट्टीतील उष्ण हवा फरशीखालील पोकळीतून फिरवली जाते, तर पाणी भिंतींतील मातीच्या नळांतून खेळवले जाते. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून भिंती जाड ठेवतात आणि प्रकाशासाठी प्रामुख्याने घुमटातील झरोक्यांवर भिस्त असते.

बऱ्हाणपूरच्या हमामाचे मुख्य वैशिष्ट्य त्याच्या छतात आहे. चुन्याच्या गिलाव्यात घडवलेल्या कोनाड्यांवर पानाफुलांची रंगीत चित्रे आहेत. दमट हवेत चुन्याचा गिलावा व रंग लवकर खराब होतात, त्यामुळे त्यातील जे अंश उरले आहेत त्यांचे महत्त्व मोठे आहे.

पाणीपुरवठा

बऱ्हाणपूरची जुनी जलव्यवस्था अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी भूमिगत बोगद्यांत गोळा करून केवळ उताराच्या बळावर ते शहराकडे आणले जाई. इराणमधील कनात पद्धतीशी तिचे साम्य आहे. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि खुनी (कुंडी) भंडारा ही तिची प्रमुख उगमस्थाने आहेत. बोगद्यावर ठराविक अंतराने खोदलेल्या विहिरीसारख्या कुंड्यांतून हवा खेळते आणि सफाई करता येते. खुनी भंडाऱ्याचा समावेश २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत झाला.

ताजमहालाशी जोडलेली आख्यायिका

छतावरील एका चित्रातील इमारत ही ताजमहालाची मूळ प्रेरणा होती, असे स्थानिक पातळीवर सांगितले जाते. मात्र उंच चौथरा, मधला मोठा घुमट आणि बागेची आखणी ही वैशिष्ट्ये तैमुरी परंपरेतून आली असून, ती दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्यात (सोळावे शतक) आधीच दिसतात. त्यामुळे या आख्यायिकेकडे मुमताजच्या मृत्यूची स्थानिक स्मृती म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

सद्यस्थिती व भेट

बऱ्हाणपूर हे भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील स्थानक आहे. आज हमामात पाणीही नाही आणि भट्टीही नाही. त्यामुळे केवळ छत पाहून परतणाऱ्या पर्यटकाला इमारतीचे मूळ कार्य उमगत नाही. तापीचा घाट, किल्ला, हमाम आणि खुनी भंडारा ही स्थळे एकत्र पाहिल्यास डोंगरातील पाणी राजवाड्यातील दालनापर्यंत पोहोचवणाऱ्या नगररचनेची कल्पना येते. हमामाच्या जतनाचा प्रश्नही त्यामुळे एका इमारतीपुरता न राहता शहराच्या संपूर्ण जलवारशाशी जोडला जातो.