अक्षरपरिचय, शालापूर्व

शाळेत नाव घालण्यापूर्वी, साधारणतः दोन ते सहा वर्षांच्या वयात, मूल घरच्या माणसांच्या सहवासात रेघोट्या ओढणे, चित्रे काढणे, अक्षरे ओळखणे आणि लिहिणे-वाचणे यांत जी प्रगती करते, तीस शालापूर्व अक्षरपरिचय म्हणता येईल. शिक्षणाच्या इतिहासात मठ, पाठशाळा व पंतोजींच्या शाळा यांची माहिती विपुल मिळते. ओसरीवर किंवा माजघरात काय घडत होते, याची मात्र तुटपुंजीच. तथापि कोणत्या घरात अक्षर होते व कोणत्या घरात नव्हते, यावर मुलाचे पुढील शिक्षण पुष्कळसे अवलंबून राहिले असल्याने हा विषय दुर्लक्षिण्याजोगा नाही.

चौलकर्म झाल्यावर राजपुत्राने लिपी व अंकगणना शिकावी, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. कालिदासाच्या रघुवंशातील रघूही चौलानंतरच लिपी शिकतो. अक्षरारंभ किंवा विद्यारंभ हा स्वतंत्र संस्कार गृह्यसूत्रांत आढळत नाही. तो नंतरच्या निबंधग्रंथांत येतो व त्यासाठी पाचवे वर्ष सांगितलेले असते. ‘ॐ नमः सिद्धम्’ या आरंभवाक्यापासून ‘ओनामा’ हा शब्द मराठीत आला आणि ‘श्रीगणेशा’प्रमाणेच कोणत्याही कार्यारंभास लागू झाला. लाकडी फळीवर धूळ किंवा बारीक वाळू पसरून तीवर काडीने वा बोटाने अक्षरे काढीत. धूळपाटी व धुळाक्षर हे शब्द त्यावरून आले. मोठ्या माणसाने काढून दिलेले वळण मूल पुन:पुन्हा गिरवी. पुढे कित्ता, पुस्ती आणि बोरू. अक्षराचे वळण हा येथे प्रतिष्ठेचा विषय होता. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे.

दसऱ्याच्या पाटीपूजनाची चाल या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. पाटीवर काढावयाची सरस्वती बहुधा एकाच्या आकड्यांची मांडणी करून साधतात. ती चित्र आहे, अंक आहे आणि लेखनही आहे. लहान मुलाच्या हातून हे तिन्ही वेगळे होण्यापूर्वीची अवस्था या आकृतीत परंपरेने नकळत जपली आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ही सर्व परंपरा मोजक्या घरांपुरती होती. बहुसंख्य समाज तीबाहेर होता आणि ज्या घरांत पोथ्या होत्या, तेथेही स्त्रियांना अक्षर सहसा नव्हते. आपल्या काळात आई मुलाला अक्षर दाखविते हे स्वाभाविक वाटते. तेवढ्यासाठी आधी आईला अक्षर मिळावे लागले. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्या सावित्रीबाई स्वतः घरी पतीकडूनच शिकल्या होत्या. रमाबाई रानडे यांनाही त्यांच्या पतीने घरी शिकविले व त्यासाठी त्यांना घरातील स्त्रियांचा रोष सोसावा लागला. मुलाच्या घरगुती अक्षरपरिचयाचा इतिहास हा अशा रीतीने स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाशी जोडलेला आहे.

पश्चिमेकडेही हा विचार जुना आहे. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने सात वर्षांपूर्वी मुलास काही शिकवू नये हे मत खोडून काढले. हस्तिदंती अक्षरे खेळावयास द्यावीत, फळीवर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतून लेखणी फिरवू द्यावी, असे त्याने सुचविले. अक्षरांची रूपे ओळखण्याआधीच नावे व क्रम पाठ करून घेण्यास त्याचा विरोध होता. बाराखडी घोकून घेणाऱ्या पालकांनी हा आक्षेप आजही ध्यानात घ्यावा. कोमीनिअसने सहा वर्षांपर्यंतच्या शिक्षणास मातेची शाळा मानले आणि १६५८ मध्ये त्याचे प्रसिद्ध सचित्र पाठ्यपुस्तक निघाले. लॉकने (१६९३) अक्षरांचे फासे सुचविले. रूसोने मात्र ‘एमिल’मध्ये (१७६२) लवकर वाचन शिकविण्याची घाई सर्वस्वी त्याज्य ठरविली. लवकर की उशिरा, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

वादाला नवे वळण मारिया माँटेसरी यांच्या कार्याने मिळाले. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. तेथील निरक्षर आयांनीच मुलांना लिहिणे-वाचणे शिकविण्याची विनंती केली. प्रारंभी माँटेसरींचा तसा विचार नव्हता. खरकागदाच्या अक्षरांवरून मुले बोटे फिरवू लागली. एके दिवशी गच्चीवर माँटेसरींनी एका पाचेक वर्षांच्या मुलाला धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने खडूने फरशीवर ते काढले आणि मग एकाएकी आनंदाने ओरडून ‘हात’, ‘धुराडे’, ‘छप्पर’ या अर्थांचे इटालियन शब्द लिहून टाकले. आधी लेखन, मागाहून वाचन, हा त्यांच्या पद्धतीतील क्रम अशा अनुभवांतून पक्का झाला. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथेच राहिल्या.

त्यापूर्वीच गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शहरी मध्यमवर्गापुरते राहिलेले हे शिक्षण ताराबाईंनी अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या साहाय्याने १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेले. महागड्या साधनांऐवजी तेथे खडे, बिया, पाने, शिंपले वापरले. कोसबाडचा परिसर वारल्यांचा. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिणाऱ्या सुवासिनींची ही घरे अक्षरशून्य असली, तरी रेषाशून्य नव्हती. घरात काहीच नाही असे समजून शिकवावयास जाणाऱ्याने ही भिंत पाहावयास हवी.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास इटलीत कोर्रादो रिच्ची याच्या १८८७ मधील पुस्तकापासून सुरू झाला असे मानतात. प्रथम गिरगटा, मग बंद वर्तुळ, त्यानंतर डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस, हा क्रम पुष्कळ मुलांत दिसतो. मूल दिसते ते न काढता ठाऊक असते ते काढते, याचे विवेचन फ्रेंच अभ्यासक ल्यूके याने केले. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की व लुरिया यांनी हावभाव, खेळ आणि चित्र यांत लेखनाचा पूर्वेतिहास शोधला. एमिलिया फेर्रेरो व आना तेबेरोस्की यांच्या १९७९ मधील ग्रंथाने तर असे दाखविले, की वाचता न येणाऱ्या मुलाचेही लेखनाविषयी स्वतःचे सिद्धांत असतात, उदा., मोठ्या प्राण्याच्या नावाला जास्त अक्षरे लागणार. देवनागरीत अशा तर्कांना आणखी वाव आहे. ‘कि’मधील वेलांटी उच्चारात मागून येते व लिहिताना आधी, ‘र’ तर जोडाक्षरात अनेक रूपे घेतो. ‘गमभन’ अशी वळणाने जवळची अक्षरे आधी देण्याची मराठीतील रीत त्यामुळेच सोयीची ठरली.

घरीच वाचू लागणाऱ्या मुलांचा विख्यात अभ्यास डोलोरेस डर्किन यांचा (१९६६). कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पहिलीत आलेल्या ५,१०३ मुलांपैकी ४९ आधीच वाचत होती. ती सर्व सधन घरांतील नव्हती. त्यांच्यापैकी पुष्कळांची वाट गिरगटा, चित्र, अक्षरांची नक्कल, ‘हे कसे लिहायचे?’ हा प्रश्न आणि मग वाचन अशी होती. घरात कागद-पेन्सिल, फळा आणि उत्तर देणारे कोणीतरी माणूस होते.

भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली व तीतून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या व मुलाखती घेण्यास बंदी असावी, अशी शिफारस यशपाल समितीने १९९३ मध्ये केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलांची अशी पारख करण्यास मनाई केली. हा कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकत्र मानला आहे.