प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतोय? सायबर कॅफे गाठण्याआधी घरीच करा ही तपासणी

बोरीवली : डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यावर तलाठ्याचा सही-शिक्काही लागत नाही. हॉल तिकीट, मिळकत पत्रिकाही ऑनलाइन निघते. पण प्रिंट काढायला गेलं की प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो. बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतो, कॉम्प्युटरला तो सापडत नसतो. खालील क्रमाने तपासा.

१. वाय-फाय एकच आहे का?
घरगुती प्रिंटर बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचे नाव त्यांना दिसतच नाही. कॉम्प्युटर 'गेस्ट' वाय-फायवर असेल तरीही जोडणी होत नाही. गावाकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल, तर हॉटस्पॉट २.४ वर ठेवा आणि दोन्ही उपकरणे त्यालाच जोडा.

२. आयपी पत्ता पाहा
प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत किंवा त्याने छापलेल्या माहितीपानावर हा पत्ता मिळतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने प्रिंटरला पत्ताच दिलेला नाही. अशावेळी वाय-फाय पुन्हा जोडा. पत्ता १९२.१६८ असा असेल, तर तो ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचे पान उघडले तर नेटवर्क ठीक आहे, अडचण कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे.

३. लाईट गेल्यावर पत्ता बदलतो
राउटर पुन्हा सुरू झाला की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधील 'पोर्ट्स'मध्ये जुना पत्ता दिसला, तर नव्या पत्त्याने प्रिंटर पुन्हा जोडा. कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवणे.

४. अडकलेली रांग मोकळी करा
प्रिंटरच्या रांगेतली जुनी कामे रद्द करा, 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वरची खूण काढा. तरीही हलत नसेल, तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' रीस्टार्ट करा. डिफॉल्ट प्रिंटर दुसराच तर निवडलेला नाही ना, हेही बघा.

हे मात्र टाळा
इंटरनेटवर सापडलेल्या 'प्रिंटर हेल्पलाइन' नंबरवर फोन करून कुणालाही कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका. ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

एवढं करूनही जमलं नाही, तर फाइल पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्या आणि दुकानातून प्रिंट काढा. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. निघताना दुकानातल्या कॉम्प्युटरवरून आपली फाइल डिलीट करायला विसरू नका, विशेषतः आधार आणि जमिनीची कागदपत्रे.