पांढरीबाहेरची माती

खानदेशात गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. कसायची ती काळी, वसायची ती पांढरी. राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचून पांढरीचे टेकाड होते. पुरातत्त्वज्ञ तिथेच उतरले. गिरणाकाठच्या बहाळला (ता. चाळीसगाव) म. न. देशपांडे यांनी १९५२ व १९५६-५७ साली उत्खनन केले. पलीकडच्या काठी टेकवडे येथे दफने सापडली. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये खणले. ताम्रपाषाणयुगापासूनचे चार कालखंड एकावर एक निघाले. सावळद्याने तर एका संस्कृतीला नाव दिले.

हे काम मोलाचेच. पण महारवाडा पांढरीबाहेर, आणि खोल, अरुंद चर काळाचा क्रम सांगतो. कोण कुठे राहत होते ते सांगत नाही. त्यासाठी विस्तृत, आडवे उत्खनन लागते. पुणे जिल्ह्यातील इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात ते झाले, तेव्हा सधनांची घरे मध्यभागी व कारागिरांची कडेला अशी मांडणी दिसली. ही अस्पृश्यता नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे. पुराव्यापेक्षा अधिक बोलणे आपल्याला परवडणारे नाही.

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये मांडले की, पराभूत टोळ्यांतली पांगलेली माणसे आधीपासूनच गावाबाहेर राहत होती, अस्पृश्यता त्यांच्यावर पुढे, इ. स. ४०० च्या सुमारास आली. म्हणजे वेगळी वस्ती आधी, विटाळ मागाहून. हा सिद्धान्त ग्रंथांच्या आधारे उभा आहे. पण गावाबाहेरची वस्ती किती जुनी, हे मातीतही तपासता येते. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानणाऱ्या गावाने महाराच्या पायाखालची साक्ष मात्र कधी काढली नाही.

आता तिथे घरकुलांचे पाये खणले जातात, मुरूम लागला की काँक्रीट ओतले जाते. ब्रिटनमध्ये १९९० पासून बांधकामाआधी चाचणी-खड्डे घेण्याची पद्धत रुळली, खर्च बांधणाऱ्याचा. आपल्या १९५८ च्या कायद्यातील २०१० ची दुरुस्ती संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बंदी घालते, पुढच्या २०० मीटरांत परवानगी मागते. साध्या महारवाड्याखालच्या मातीला त्यात जागा नाही.

घरकुलवाल्याच्या माथी हा खर्च मारता कामा नये, तो सरकारचा. घरही अडू नये. मीटरभर लांबरुंद खड्डा, मूळ जमिनीपर्यंत, एवढेच मागणे आहे. तोवर पाया खणणारे हात बहुधा आपलेच असतात. खापर, चूल, राखेचा थर लागला तर कुणाच्या पायात, किती खोलीवर, हे वहीत टिपून ठेवता येईल.