उपासना-वर्ष, अँग्लिकन (मावळ)

अँग्लिकन चर्चमधील सण, उपवास व प्रार्थना यांचे वार्षिक चक्र. मावळात ते रेल्वेबरोबर आले: बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि लोणावळ्यात रेल्वेच्या युरोपीय नोकरवर्गाची वस्ती वाढली. जुन्या गॅझेटियरमध्ये तेथील प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिराची नोंद आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अँग्लिकनांसह सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. वर्षाचा सांगाडा तोच राहिला.

हे वर्ष ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. पुढे नाताळ, प्रकटीकरण आणि राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ: वेदीवर जांभळे वस्त्र, लग्ने सहसा बंद. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो. त्यानंतर आठ आठवड्यांनी त्रैक्य रविवार. तिथून आगमनकाळापर्यंत वस्त्र हिरवे. मळवली-कार्ल्याची भातखाचरेही याच काळात हिरवी होतात. योगायोगच, पण इंग्लंडपेक्षा इथे तो अधिक शोभतो.

खरी रंगत हंगामाच्या सणाची. कॉर्नवॉलचे पाद्री रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ मध्ये त्याला आजचे वळण दिले, तेही तिकडच्या शरदातील सुगीसाठी. मावळात सप्टेंबरात भात उभाच असतो. कापणी दिवाळीच्या आगेमागे. म्हणून गावाकडच्या मराठी मंडळ्या हा सण पिकाच्या सोयीने धरतात. धान्य, भोपळे, अंडी, क्वचित कोंबडाही वेदीपुढे येतो. उपासनेनंतर लिलाव. घेतलेला भोपळा कुणी पुन्हा दान करतो, तो पुन्हा बोलीवर चढतो आणि बाजारभाव केव्हाच मागे पडतो. पैसे मंडळीच्या खात्यात जमा होतात.